चार-बाराची बँकॉक

दुपारचे चार वाजून गेले की आमच्या शेजारच्या गच्चीवरून घोषणा व्हायची. "बँकॉकहून मुंबईकडे जाणारी विनाथांबा गाडी थोड्याच वेळात गावावर येत आहे. ही गाडी इथे थांबणार नाही. प्रवाशांनी खालीच उभे राहावे." मग दोन छोट्या शिट्ट्या. गल्लीत कुणी मानसुद्धा वर करत नसे. भाजीवाला गवारी तोलत राही, समोरचा टेलर मशीन चालवत राही. एखादा नवखा पाहुणा असला तर मात्र दचकायचा आणि पिशवी उचलून इकडेतिकडे बघायला लागायचा.

घोषणा करणाऱ्या कौसल्यामावशी. एसटीत त्या आधी कंडक्टर होत्या, मग वाहतूक नियंत्रक झाल्या. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाडी लागली की तिची वेळ लिहायची, भोंग्यावरून सांगायची आणि शिट्टी मारून सोडायची, हे त्यांचं काम. गाव त्यांना कंट्रोलरबाई म्हणायचं. नोकरी संपून चार वर्षं झाली होती. खोली सुटली, कंट्रोल सुटलं नव्हतं.

माझी त्यांची ओळख फार उशिरा झाली. मी बीडला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढले, मग पुण्याला शिकले. पुण्याच्या कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं म्हणून गावी परत आले, तेव्हा आमच्याच गल्लीत मी पाहुणी होते. त्यात मला बोलायला जमत नाही. कुणी काही विचारलं की उत्तर तयार होईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असतो. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर कठड्यापलीकडून आवाज आला, "ए इंग्लिश, इकडं ये."

मावशी जुना खाकी कोट साडीवर चढवून खुर्चीत बसल्या होत्या. उजव्या मनगटावर एक घड्याळ, डाव्यावर एक. मांडीवर लांबडी वही. मुंबईच्या पुतण्याने त्यांच्या मोबाईलमध्ये एक नकाशा घालून दिला होता. त्यावर बारकी पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकतात, आणि बोट लावलं की ते विमान कुठून कुठे चाललंय ते कळतं. पण सगळं इंग्रजीत, आणि आजवर त्या गल्लीतलं एखादं शाळकरी पोर पकडून वाचून घ्यायच्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, बँकॉक ते मुंबई. त्यांनी दुर्बीण वर केली. ती एका जत्रेत घेतलेली होती आणि एकाच बाजूने धड दिसायचं, म्हणून दुसरा डोळा त्या पदराने झाकायच्या. मग दोन्ही घड्याळं बघितली, लिहिलं, आणि मला विचारलं, "येळेवर हाय का लेट?"

त्या दिवसापासून मी रोज चारला गच्चीवर जायला लागले. माझं काम इंग्रजी वाचण्यापुरतं. बाकी सगळं त्यांचं. वहीत त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: कुठून, कुठे, येण्याची वेळ, आणि शेवटी शेरा. शेरा लिहिताना मात्र त्या डावा हात आडवा धरायच्या. मला वाटायचं, हवामान वगैरे लिहीत असतील. विचारायची माझी पद्धत नाही.

त्यांच्या हिशेबी आकाश म्हणजे एक स्टँड होतं. परदेशातून येणारं किंवा परदेशात जाणारं विमान म्हणजे विनाथांबा. देशातल्या देशात फिरणारं जलद. नांदेडकडचं बारकं विमान म्हणजे साधी गाडी, "हात केला तर थांबंल." निवडणुकीत पुढाऱ्यांना घेऊन येणारं हेलिकॉप्टर म्हणजे काळी-पिवळी जीप, तिची नोंदच नाही. "मार्ग न्हाई, येळ न्हाई. भरली की निघती."

विमानामागे पांढरी रेघ उमटली की त्या मान हलवायच्या. "इंजन कामाला आलंय." तो धूर नसतो, वाफ गोठते, असं मी एकदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वर्कशॉपवाले बी असंच म्हणायचे."

दुर्बीण नेहमी वरच असायची असं नाही. मधूनच ती बरीच खाली यायची, समोरच्या बप्पांच्या दुमजली घरापर्यंत. मला वाटायचं हात दुखत असतील.

मावशी कधी विमानात बसल्या नव्हत्या. जमिनीवर उभं असलेलं विमानसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, आता तिकिटं तशी स्वस्त मिळतात. तर म्हणाल्या, "बसायचं कुणाला हाय? मला ती लागताना बगायची हाय. गाडी सुटताना कुणी बी बगतंय गं. ड्रायव्हर कळतो तो लागताना."

आता बप्पांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मावशी पूर्ण होत नाहीत. बप्पा म्हणजे कारखान्याचे माजी संचालक, पांढरे कपडे, जाड आवाज, गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. कारखाना सुटला आणि बप्पांना शुगर झाली. काकूंनी घरातला साखरेचा डबा स्वतःच्या कपाटात कुलुपात ठेवला होता. मावशींचं आणि बप्पांचं बारा वर्षांपूर्वीचं एक भांडण होतं, आणि ते दोघांनीही नीट जपलेलं होतं.

झालं असं की बप्पांना तेव्हा कसल्याशा सभेसाठी पुण्याला जायचं होतं. गाडी बिघडली म्हणून एसटीने निघाले. स्टँडवर आधी माणूस पाठवून निरोप दिला, बप्पा येताहेत, गाडी थांबवा. मावशींनी घड्याळ बघितलं आणि वेळ झाल्यावर शिट्टी मारली. बप्पा स्टँडच्या दारातून आत येत होते आणि गाडी दारातून बाहेर जात होती. बप्पांनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली, की बाईने गाडी पाच मिनिटं आधी सोडली. खाली पाच जणांच्या सह्या. पाच सह्यांसमोर एका बाईच्या घड्याळाचं काय चालणार? मावशींच्या सेवापुस्तकात शेरा पडला, वेळेआधी गाडी सोडली. पगार नाही कापला, बदली नाही झाली. फक्त एक ओळ. पण ती ओळ त्यांच्याबरोबर निवृत्त झाली.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मटारच्या शेंगा सोलताना. "माजी नोंद खोटी न्हाई," एवढं म्हणाल्या आणि रिकामं टरफल दाण्यांत टाकलं.

शर्त लागली ती श्रावणात. बप्पा खालून चालले होते, वरून घोषणा झाली, आणि त्यांच्याबरोबर दोन माणसं असल्यामुळे बप्पांना बोलणं भाग पडलं.

"बाई, वर गेलेलं इमान कोन्चं आन् मोबाईलातलं कोन्चं, कुनी बगितलंय? मी सोता बँकॉकला जाऊन आलो. येताना खिडकीत बसलोतो. आपलं गाव कुटं लागलं न्हाई मदी."

"तुमी कशाला गेलते बप्पा बँकॉकला?" मावशींनी वरून विचारलं.

"अब्यास दौरा होता."

"मंग झोप लागली आसंल. अब्यासानं लागती."

टेलरने मशीन थांबवलं. बरोबरच्या दोघांपैकी एक जण चप्पल नीट करायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. बप्पा तापले. हे सगळं थोतांड आहे, वहीत मनाला येईल ते लिहायचं, बाईंची ही सवय जुनीच आहे, असं ते मोठ्याने बोलले. सवय जुनी आहे, हे बोलायला नको होतं. मावशी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. ही गाडी आपल्या डोक्यावरून गेली की अडतीस मिनिटांत मुंबईत लागते, त्या म्हणाल्या. बप्पांनी इथे मावशींच्या गच्चीवर बसायचं आणि गाडी गेली की कळवायचं. त्या स्वतः मुंबईत उभ्या राहतील.

बप्पा म्हणाले, अडतीस कशाला, चाळीस मिनिटं देतो. चाळिसात लागली नाही तर ही वही माझी, आणि घोषणा बंद.

"आन् लागली तर?"

"तुमी सांगाल ते."

मावशींना विचार करावा लागला नाही. "स्टँडवर भोंग्यावरून सांगायचं. माजी तवाची नोंद खरी होती म्हनून."

अशा रीतीने मी मुंबईला गेले. इंग्रजी वाचायला कुणीतरी हवं होतं, आणि नाही म्हणायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मावशींनी माझ्या आईला विचारून टाकलं होतं. आम्ही एसटीनेच गेलो. वाटेत प्रत्येक स्टँडवर त्या खाली उतरून तिथल्या कंट्रोलरच्या काचेत डोकावल्या. नगरला एकाच्या वहीत त्यांना खाडाखोड दिसली, तर पुण्यापर्यंत त्यावरच बोलत होत्या.

पुतण्याची खोली विमानतळाच्या पूर्वेच्या भिंतीबाहेरच्या दाट वस्तीत होती. तिसऱ्या मजल्यावर पत्रा, त्याच्या बाजूला पाण्याच्या टाक्या आणि बसण्यापुरती गच्ची. विमानं अगदी त्या गच्चीवरूनच उतरायची. आम्ही दुपारी दोनला वर गेलो तेव्हा तिथे आधीच चार तरुण मुलं बसली होती. हातात नळकांड्याएवढ्या भिंगांचे कॅमेरे, डोक्याला टोप्या. शनिवारी-रविवारी विमानं बघायला यायची, असं पुतण्या म्हणाला. त्यांच्याकडेही वह्या होत्या. मावशींनी पहिल्यांदा त्या वह्यांकडे बघितलं, मग मुलांकडे, आणि कोटाची वरची गुंडी लावली. आपल्या खात्याची माणसं भेटली की त्या असं करायच्या.

आणि मग पहिलं विमान आलं.

घाटकोपरच्या बाजूने, धुरकट हवेत, आधी नुसता एक दिवा. तो हलत नव्हता, फक्त मोठा होत होता. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, एका सुतात. मग दिव्याला पंख फुटले, पोटाखाली चाकं दिसली, आणि एवढं मोठं धूड आमच्या डोक्यावरून गेलं की टाकीतलं पाणी थरथरलं. दोरीवरचे कपडे सगळे एका दिशेला उडाले. रॉकेलसारखा वास आला. भिंतीपलीकडे चाकं टेकली, निळसर धुराचा एक भपकारा निघाला, आणि गडगडाट मागाहून आला.

गावात ज्याला मावशी करंगळीच्या नखाएवढं बघत होत्या ते हे. त्यांनी दुर्बीण हळूच पिशवीत ठेवून दिली. तिची आता लाज वाटत असावी.

पाच-सहा विमानांनंतर त्या सावरल्या आणि ड्रायव्हरांना मार्क द्यायला लागल्या. मुलं विमानाचा प्रकार ओळखायची, इंजिनं मोजायची, शेपटीजवळचा नंबर टिपायची. मावशी फक्त धूर बघायच्या. थोडा धूर म्हणजे चांगला ड्रायव्हर. जास्त धूर म्हणजे, "ह्यानं टायर घासलं. पगारातून कापा." मुलं आधी हसली, मग आणखी चार-पाच विमानांनंतर तीही धूर बघायला लागली. त्यांच्यातला एक चष्मेवाला मला इंग्रजीत म्हणाला की तुमच्या आजी जबरदस्त आहेत. आजी नाहीत, एवढंच मी म्हटलं. मग कोण, ते मला पटकन सांगता आलं नाही.

चारला मावशींनी मार्क देणं थांबवलं. दोन घड्याळांपैकी एक त्यांनी बप्पांसाठी गावी ठेवलं होतं, त्यामुळे एक मनगट रिकामं होतं आणि त्या ते सारखं चोळत होत्या. फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाई, आली. बरुबर डोक्यावर हाय. पांडरी रेघ मारत चाललीय."

"येळ बोला."

"चार-बारा."

"घड्याळ कुनाचं?"

"तुमचंच हाय हो हातात."

"मंग असं न्हाई बोलायचं. गाडी सोडली म्हना."

एसटीत हे असंच चालतं. एका स्टँडवरून गाडी निघाली की तिथला कंट्रोलर पुढच्या स्टँडला फोन करतो, आणि सोडली म्हटल्याशिवाय गाडी सुटलेली धरत नाहीत. मग कारखान्याचे माजी संचालक म्हणाले, "सोडली गाडी."

मावशींनी लिहिलं.

मी मोबाईलवरचं पिवळं विमान बघत होते. नगर गेलं, जुन्नर गेलं, मग ते खाली यायला लागलं. चष्मेवाल्याने कॅमेऱ्यातून बघून सांगितलं, शेपटीवर पिवळा पक्षी आहे, तुमचंच. चार सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. दिवा मोठा झाला, पंख फुटले, चाकं दिसली. मावशी उभ्या राहिल्या. डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांनी मान फिरवून सगळं पोट बघून घेतलं. चार एकोणपन्नास. सदतिसावं मिनिट. चाकं आता टेकणार एवढ्यात विमानाने नाक वर केलं, मोठ्याने गरजलं, आणि न टेकता समुद्राच्या दिशेने वर निघून गेलं.

मुलं आनंदाने ओरडली. त्यांना असं बघायला क्वचित मिळतं. कॅमेरे कडकडत होते.

"ही काहून परत गेली?" मावशींनी मला विचारलं.

मी चष्मेवाल्याला विचारलं आणि त्यांना सांगितलं, की आधी उतरलेलं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नव्हतं, म्हणून हे वळसा घालून पुन्हा येईल.

"म्हंजे फलाटावर गाडी हुती."

"हो."

"मंग ड्रायव्हर शाना हाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. वहीत लिहिलं: स्टँडात आली, फलाट रिकामा नसल्याने परत गेली.

चार बावन्न झाले. चाळीस मिनिटं संपली. फोन वाजायला लागला. तेव्हा मी, जी दुसऱ्याच्या गोष्टीत कधी बोलत नाही, ती बोलले. म्हटलं, मावशी, लागली म्हणून सांगा ना. हातभरच राहिली होती. बप्पांना काय दिसतंय तिथून?

बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई लागली तर लागली कशी लिवू? बारा साल खोट्या शेऱ्याखाली बसलेय मी. तेच दुसऱ्या बाजूनं करू?" त्यांनी फोन घेतला आणि बप्पांना थांबायला सांगितलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी ते विमान पुन्हा आलं आणि टेकलं. इतकं हळू, की धूर जेमतेम चिमूटभर निघाला. मावशींनी कोटाच्या खिशातून शिट्टी काढली आणि एक लांब शिट्टी मारली. सगळ्या वस्तीने गच्चीकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा पाहिला नाही. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"बप्पा, लागली. पाच-पाच. त्रेपन्न मिन्टं. वही तुमची."

बप्पांचं हसणं स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू आलं.

गावी आल्यावर मावशींनी वही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतः पलीकडे नेऊन दिली. दारात काकू होत्या. मावशी त्यांना म्हणाल्या, बप्पांच्याच हातात द्या, आणि वेळ मिळाला तर तुम्हीपण वाचा, करमणूक आहे. मी खिडकीतून बघत होते. त्या परत येताना जरा जास्तच सरळ चालत होत्या. हरलेलं माणूस असं चालतं का, असं माझ्या मनात आलं होतं, पण मी ते मनातच ठेवलं.

संध्याकाळी बप्पांच्या ओट्यावर चौघे-पाचजण जमले. बप्पांनी चष्मा लावला, वही उघडली, आणि सभेत वाचतात तसं वाचायला लागले. "सोमवार. बँकॉक ते मुंबई. चार-बारा. येळेवर. शेरा..." आणि थांबले. खोकले. पान उलटलं. "मंगळवार. बँकॉक. चार-चौदा. दोन मिन्टं लेट. शेरा..." पुन्हा थांबले. चष्म्याला काहीतरी झालंय म्हणाले. एक जण म्हणाला, "द्या बप्पा, मी वाचतो." बप्पांनी वही मिटली, खुर्चीवर ठेवली, आणि तिच्यावर बसले. मंडळी जाईपर्यंत ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपरण्याखाली वही लपवून ते मावशींच्या गच्चीवर आले. मी आमच्या गच्चीवर होते. मी असले तरी नसल्यासारखी असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

बप्पांनी वही उघडून कठड्यावर ठेवली, आणि शेऱ्याचा रकाना मी पहिल्यांदा वाचला. मावशींचं अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. आकाश निरभ्र, बप्पा टाकीमागे, जिलेबी तीन. ढगाळ, गाडी दिसली नाही, आवाज आला, बप्पा दिसले, बालूशाही. पाऊस, बप्पा छत्री घेऊन, गुलाबजाम. बप्पा गैरहजर, शुगर वाढल्याने दवाखाना. असं पानामागून पान, चार वर्षांचं. बप्पा रोज चारला पाण्याची टाकी बघायला वर जातात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काय बघतात, ते इथे लिहिलेलं होतं.

"हे काय लिवलंय बाई?"

"दिसलं ते."

"ही इमानाची वही हाय ना?"

"शेऱ्याचा रकाना हाय तो. मार्गावर जे दिसंल ते लिवायचं असतं."

"खोटं हाय म्हनून सांगीन मी."

"सांगा की. पाच सह्या घ्या."

बप्पांनी बराच वेळ स्वतःच्या टाकीकडे बघितलं. या गच्चीवरून ती किती जवळ दिसते, हे त्यांनी शर्तीच्या दिवशी पाहिलं नव्हतं, तेव्हा ते वरच बघत होते. मग पडत्या आवाजात म्हणाले, "सोमवारी तीन नव्हत्या. दोनच हुत्या जिलेब्या."

"आठवा."

बप्पांनी आठवलं. प्रामाणिकपणे आठवलं असावं, कारण ओठ हलत होते. "तीन," ते म्हणाले.

"मंग नोंद बरुबर हाय म्हना."

"बरुबर हाय."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. दुर्बिणीच्या वेळी लावायच्या तसाच, पण दोन्ही डोळ्यांना. हे दोन शब्द त्या बारा वर्षं ऐकायला थांबल्या होत्या, आणि ते आले जिलेबीवरून.

बप्पांनी वही त्यांच्याकडे सरकवली. मावशींनी ती परत त्यांच्याकडे सरकवली. शर्त म्हणजे शर्त. वही जिंकणाऱ्याची. ती ठेवा, जाळा, काकूंना द्या, त्यांचं काही मागणं नव्हतं. त्या हरल्या होत्या.

घोषणा बंद झाल्या. चार-बाराला गल्लीत नुसतं मशीन ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याने मला थांबवून विचारलं, "ताई, बँकॉक बंद पडली का?" टेलर चार वाजले की काम थांबवून वर बघायला लागला होता.

त्याच आठवड्यात कंपनीने मला पुण्याला परत बोलावलं. मावशी स्टँडवर सोडायला आल्या, खाकी कोट घालून. माझी गाडी चार-दहाची, बीडवरून जाणारी. बप्पाही त्याच गाडीने बीडला शुगर तपासायला निघाले होते. वही त्यांच्या काखेत होती. घरात ठेवायची सोय नव्हती, जिथे ठेवावी तिथे काकू झाडायला यायच्या. आम्हाला बघून बप्पा घुटमळले, आणि मग सरळ कंट्रोलरच्या खोलीत शिरले. काचेतून हातवारे दिसले. कंट्रोलर उठून उभा राहिला. भोंगा खरखरला.

"परवाशांनी लक्ष द्यावं. बारा सालामागं ह्या स्टँडवरून पुन्याची गाडी येळेवर सुटलीती. म्या उशिरा आलतो. सह्या म्या घेतल्यात्या. बाईंची नोंद खरी हुती."

स्टँडवर कुणालाच काही कळलं नाही. माझ्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, पुण्याची गाडी बारानंतर सुटणार म्हणतोय का तो? मावशी भोंग्याकडे बघत उभ्या होत्या. माझी पिशवी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी मला द्यायची राहिली.

"आवाज बारीक हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "घोषना पोटातून करायची आसती."

मी गाडीत चढले. पिशवी खिडकीतून आत आली. कंट्रोलर अजून बप्पांच्या आदबीत उभा होता, आणि बप्पा काचेतून बाहेर बघून समाधानाने मिशी पुसत होते. मावशींनी घड्याळ बघितलं, मग दुसरं बघितलं. चार-दहा. त्यांनी खिशातून शिट्टी काढून मारली. चहाचा कप टाकून ड्रायव्हर पळत आला. वर्षानुवर्षांची सवय, शिट्टी कुणाची हे त्याने बघितलंच नाही. गाडी हलली.

बप्पा खोलीच्या दारात आले तेव्हा गाडी वळत होती. वही उंच करून ते पळाले, "ए थांब बे, थांब." कंडक्टरने मावशींकडे बघितलं. मावशींनी मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. कंडक्टरने दार लावून घेतलं.

स्टँडला वळसा घालून गाडी बाहेर पडताना मला खिडकीतून ते दोघे दिसले. बप्पा धापा टाकत मावशींशेजारी उभे होते. मी हात हलवला, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मावशींनी बोट वर केलं होतं. टपरीच्या पत्र्यावरून, चिंचेच्या शेंड्यावरून एक पांढरी रेघ पश्चिमेला सरकत होती. बप्पांनी कमरेवर वही टेकवली, खिशाचं पेन काढलं. मावशी वर बघत सांगत होत्या, बप्पा लिहीत होते. शेवटच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी एकदा मावशींकडे बघून घेतलं आणि डावा हात आडवा धरला.